ऋण घातांकाचे अपूर्णांक सोडवताना

आपल्या मंडळातली बरीच मुले इथे सिल्वासात गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि संध्याकाळी गणित समजावण्याचे काम घरच्या आजी-आजोबांकडे येते. सोय एवढीच, की घातांक, अंश, छेद हे शब्द गुजरातीतही तेच आहेत.

आठवी-नववीत मुले हटकून अडतात ती ऋण घातांकापाशी. २⁻³ म्हणजे उणे आठ, असे बेधडक लिहून मोकळी होतात! नियम पाठ करायला लावण्याआधी त्यांच्याकडून उतरती पायरी लिहून घ्यावी : २³ = ८, २² = ४, २¹ = २. दर पायरीला निम्मे. त्याच चालीने २⁰ = १, २⁻¹ = १/२, २⁻² = १/४, २⁻³ = १/८. म्हणजे घातांकातले उणे चिन्ह संख्येला ऋण करत नाही, तिला छेदात धाडते. (शून्याला मात्र ऋण घात चालत नाही.)

आम्हा बँकवाल्यांचा तर याच्याशी रोजचा संबंध. व्याजदर सालाना १० टक्के धरला, तर वर्षाने मिळणाऱ्या १००० रुपयांची आजची किंमत १००० × (१.१)⁻¹, म्हणजे सुमारे ९०९ रुपये. दोन वर्षांनी मिळणार असतील तर घात उणे दोन आणि किंमत सुमारे ८२६.

खरी गफलत होते ती बेरजेत. गुणाकारातला क⁻¹ सरळ छेदात नेता येतो, बेरजेतला नाही. १/(क⁻¹ + ख⁻¹) याचे उत्तर मुले क + ख लिहितात. अशा वेळी गच्चीवरची टाकी दाखवावी. एक नळ ती २ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही सोडले तर ५ तास लागतील का? एकट्या नळापेक्षा जास्त? लहान मूलही हसेल. तासाला टाकीचा १/२ + १/३ = ५/६ भाग भरतो, म्हणून वेळ ६/५ तास, अर्थात १ तास १२ मिनिटे. अक्षरांत : कख/(क + ख).

आता परीक्षेतले नेहमीचे उदाहरण : (क⁻¹ + ख⁻¹) ÷ (क⁻² − ख⁻²). अंश व छेद दोघांनाही क²ख² ने गुणावे. सगळे ऋण घात एका फटक्यात जातात. वर उरते कख(ख + क), खाली ख² − क², म्हणजे (ख − क)(ख + क). समान अवयव ख + क (तो शून्य नाही असे धरून) काढला की उत्तर कख/(ख − क). मग क = २, ख = ३ घालून ताळा पाहावा : मूळ रूपात ५/६ ÷ ५/३६ = ६, उत्तरातही ६.