यंत्राची घासाघीस आणि रुमालाखालचा भाव



पूर्वी पेठेत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. याला हत्ता पद्धत म्हणत. शेतकऱ्याच्या कानावर फक्त शेवटचा आकडा यायचा. उघड लिलाव आले तेव्हा कुठे तो रुमाल बाजूला झाला.

आता घासाघीस करायला संगणकाचे प्रोग्रॅम आले आहेत. २०२१ साली वॉलमार्ट या बड्या दुकानदार कंपनीने कॅनडात ८९ पुरवठादारांशी बोलणी करण्याचे काम अशा प्रोग्रॅमवर सोपविले. त्यांतील ६४ टक्क्यांशी करार जमला. कंपनीची सरासरी दीड टक्का बचत झाली आणि पैसे चुकते करण्याची मुदत सरासरी ३५ दिवसांपर्यंत लांबली. जोरजबरदस्ती नव्हती. बऱ्याच पुरवठादारांना यंत्राशी बोलणे सोपेही वाटले.

मग यंत्र सरळ वागते असे समजायचे का? २०१७ साली फेसबुकच्या संशोधकांनी प्रोग्रॅमना आपसात पुस्तके, टोप्या आणि चेंडू वाटून घ्यायला लावले. सांगणे एवढेच, की आपला वाटा मोठा करा. तर नको असलेल्या वस्तूची हाव दाखवायची आणि मग ती 'सोडून' हवी ती पदरात पाडायची, ही युक्ती ते आपोआप शिकले. बैलबाजार बघितलेल्या सभासदांना ती नवी नाही!

यंत्राला राग-लोभ नाही, पण धनी असतो. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. ते कुणाच्या बाजूने बोलते? बोलण्याची नोंद आपल्याला मिळते का? अडले तर शेवटी माणूस भेटतो का?

आपल्या उसाचेच बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले. पण वेगळा लेखी करार नसेल तरच, अशी मेखही त्यातच ठेवली. म्हणजे न वाचता केलेली एक सही ते १४ दिवस घालवू शकते. मोबाईलवर 'मान्य' दाबणे हीही सहीच समजा.

आणखी एक. यंत्र एकाच वेळी हजार जणांशी बोलते, पण प्रत्येकाला एकेकटे गाठून. शेजाऱ्याला काय मिळाले हे कळत नाही. हाच नवा रुमाल. म्हणून अटी एकमेकांना दाखवा, गटात वाचा, शंका असल्यास आमच्या शेतकी विभागाकडे या. एकट्याने घासाघीस करायची वेळ येऊ नये म्हणूनच तर आपण सहकारात आलो.