काचपेटींतलें तळें

दिवाणखान्यांतील वाटोळ्या काचपात्रांत दोन सोनेरी मासे संथपणें फिरत असतात. मुलें तासन् तास पाहत बसतात. आणि आठ-दहा दिवसांनीं एके सकाळीं त्यांतील एक मासा उलटा तरंगतांना आढळतो. "पाणी तर कालच सगळें बदललें होतें," असें घरांतील मंडळी हळहळून म्हणतात. बहुधा दोष येथेंच असतो.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० मध्यें आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या काचपात्रांत त्यांनीं दोन सोनेरी मासे व वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेविली. कुजक्या पानांनीं पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यांत गोगलगायी सोडल्या. त्यांनीं तीं पानें फस्त केलीं आणि पाणी निवळलें.

यांत एक घटक मात्र अदृश्यच राहिला होता. माशांच्या शरीरांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. वाळूवर व खड्यांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें आणि मग पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. नायट्राइटहि माशांना घातकच. नायट्रेट वनस्पति शोषून घेतात. नव्या पेटींत हे जंतु स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून आरंभीं वनस्पति लावाव्या, मासे एक-दोनच सोडावे व दर आठवड्यास सुमारें पाव हिस्सा पाणी बदलावें. वाळू व खडे नळाखालीं धुतल्यास हे उपकारक जंतु मरतात. कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरिन जंतूंना व माशांच्या कल्ल्यांना सारखाच बाधक आहे. तें काढून टाकणारें औषध बाजारांत मिळतें.

वनस्पति प्राणवायु देतात तो उजेडांतच. रात्रीं त्याहि माशांप्रमाणें प्राणवायु घेतात. म्हणून निमुळत्या तोंडाच्या पात्रापेक्षां रुंद, उथळ पेटी बरी. तिच्या पाण्याचा हवेशीं अधिक संबंध येतो.

सोनेरी माशांना पाणी तापविण्याच्या यंत्राची गरज नसते. एका लिटर पाण्यांत १५ अंश सेंटिग्रेडला सुमारें १० मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांना साडेसातच. अर्थात् पुण्यासारख्या ठिकाणीं या माशांना हिवाळ्यापेक्षां वैशाखाचेंच भय अधिक. उन्हाळ्यांत पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी व मासे थोडेच असावे. थंडींत माशांची भूक मंदावते. तेव्हां अन्नहि कमी घालावें, कारण उरलेला प्रत्येक कण कुजून पुन्हां अमोनियाच होतो.

मासे नकोसे झाले तरी ते नदींत वा तळ्यांत सोडूं नयेत. तेथील मूळच्या जीवांस ते उपद्रवी ठरतात. पहिला महिना धीर धरणाऱ्या घरांत मात्र तेच दोन मासे कित्येक वर्षें नांदतात, आणि ज्या मुलांसाठीं ते आणले, तीं मोठीं होईपर्यंत त्यांची सोबत करतात.