अल्गोरिदमने मार्क कापले तर दाद कुणाकडे मागायची? शाळेत एआयची नैतिकता शिकवणं का गरजेचं आहे?

चॅटजीपीटीकडून गृहपाठ करून घेणं म्हणजे कॉपी का? शाळांमध्ये एआयच्या नैतिकतेची चर्चा बऱ्याचदा याच प्रश्नावर येऊन थांबते. प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तंत्रज्ञानाचा विद्यार्थ्यांना याहून मोठा फटका बसला आहे. दोन घटना पाहू.

इंग्लंडमध्ये २०२० साली काय झालं?

कोरोनामुळे 'ए-लेव्हल' परीक्षा, म्हणजे साधारण आपली बारावी, रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येकाची अंदाजे श्रेणी कळवली. पण 'ऑफक्वाल' या नियामक संस्थेने अंतिम श्रेणी अल्गोरिदमने ठरवल्या. त्यात शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांना मोठं वजन होतं.

१३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. शाळेचा जुना निकाल कमी असेल, तर यंदाच्या हुशार मुलालाही त्याची झळ बसली. अगदी लहान वर्गांत मात्र शिक्षकांचा अंदाज ग्राह्य धरला गेला आणि असे वर्ग खासगी शाळांमध्ये जास्त होते. मुलं रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली.

हा अल्गोरिदम चॅटबॉटसारखा एआय नव्हता. पण जुन्या डेटावरून नव्या माणसाचं भविष्य ठरवण्याची अडचण दोन्हींत सारखीच आहे.

आणि स्पेनमध्ये?

२०२३ मध्ये अल्मेंद्रालेहो या गावात शाळकरी मुलींचे साधे फोटो एआय अ‍ॅपमध्ये टाकून बनावट नग्न फोटो तयार केले गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले गेले. करणारी मुलंही अल्पवयीनच होती. पुढच्या वर्षी बाल न्यायालयाने १५ मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली.

'फोटो खोटाच तर आहे' असं म्हणून इथे सुटता येत नाही, कारण त्रास खऱ्या मुलीला होतो.

भारतात हा विषय शिकवतात का?

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला एआय हा कौशल्य विषय आणला. त्यात नैतिकतेचा भागही आहे. पण तो ऐच्छिक आहे, आणि फोन मात्र विषय न घेतलेल्या मुलांच्या हातातही आहे.

कॉम्प्युटरशिवाय शिकवता येईल?

येईल. वर्गाला सांगा, सहलीसाठी ५० पैकी १० मुलं निवडायची आहेत, त्यासाठी एक नियम लिहा. समजा, एका गटाने 'सर्वाधिक हजेरी' असं लिहिलं. आता विचारा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ज्याला शाळेत येता येत नाही, त्याचं काय? नियम सर्वांना सारखा असूनही अन्याय कसा होतो, हे मुलांना लगेच कळतं.

मग कोणत्याही एआयबद्दल चार प्रश्न विचारायला शिकवा:

- हे कोणाच्या माहितीवर शिकलं?
- चुकलं तर नुकसान कोणाचं?
- जबाबदार कोण?
- दाद कुठे मागायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही लक्षात ठेवा. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा बनावट फोटो तुमच्याकडे आला, तर 'बघा काय चाललंय' म्हणूनही पुढे पाठवू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.