चिखलाची भाकरी

कार्टून हा काही वैचारिक त्रैमासिकाचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. परवापरवापर्यंत मलाही तसेच वाटत होते. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ज्या घरात नवी वही हीच चैन होती, त्या घरातून आलेल्या माणसाला करमणुकीकडे गंभीरपणे पाहण्याची सवय नसते. उन्हाळ्याच्या सुटीत भाच्याने लॅपटॉपवर एक इंग्रजी कार्टून मालिका लावून दिली. सात वर्षांच्या मुलीला इंग्रजी समजावे म्हणून मी शेजारी बसले, आणि मुलगी उठून गेल्यावरही बसूनच राहिले. माय तूरडाळ निवडत होती. ती म्हणाली, "लेकरावानी काय बघायलीस गं?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर येथे देऊन पाहते.

मालिकेचे नाव 'क्रेग ऑफ द क्रीक'. कार्टून नेटवर्कने ती 2018 साली सुरू केली आणि 2025 साली ती संपली. मॅट बर्नेट आणि बेन लेव्हिन हे तिचे निर्माते. 'क्रीक' म्हटले की मुंबईमुळे आपल्याला खाडी आठवते. अमेरिकेत हा शब्द ओढ्यासाठी वापरतात. मेरीलँड राज्यातल्या एका काल्पनिक गावाच्या कडेला झाडी आहे, तिच्यातून ओढा वाहतो, आणि शाळा सुटली की गावची मुले तिथे जमतात. मोठी माणसे तिथे नसतात. कुणी निन्जा होतो, काही मुली घोडे होतात, केल्सी नावाची मुलगी डोक्यावर पाळलेला पक्षी बसवून, हातात तलवार घेऊन स्वतःच्या पराक्रमाचे वर्णन मोठ्या वीररसात करते. एका झाडाखाली खाऊची अदलाबदल चालते. या सगळ्याच्या मध्यभागी क्रेग नावाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आहे. तो काळा आहे. आणि ओढ्याचा नकाशा त्याच्या हातात आहे. कुठला खडक, कुठली वाट, कुठले टेकाड हे तो पाहतो, त्यांना नावे देतो, कागदावर काढतो.

भूमीला नाव देण्याचा अधिकार काळ्या मुलाच्या हाती आहे, ही गोष्ट मालिकेत कुणी बोलून दाखवत नाही. मला मात्र ती पहिल्याच भागात टोचली.

लहान मूल खेळते तेव्हा ते मुक्त असते, कल्पना त्याला हवी तिकडे नेते, असे आपण मानतो. बी.एड. केलेल्या वाचकांना व्हायगॉट्स्की हे नाव परके नाही. या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने (1896-1934) नेमके या समजुतीलाच हात घातला. त्याच्या मते कल्पनेचा प्रत्येक खेळ नियमांनी बांधलेला असतो. बाहुलीची आई झालेली मुलगी मनाला येईल तशी वागत नाही. आईने कसे वागावे याचे जे नियम तिने पाहिले आहेत, ते ती पाळते. एरवी न दिसणारा नियम खेळात उघडा पडतो. हे मी पुस्तकात वाचले त्याच्या कितीतरी आधी अनुभवले होते. फक्त त्याला सिद्धान्त म्हणतात हे माहीत नव्हते.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात. गावाच्या कडेने ओढा, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वरचा पाणवठा गावाचा, खालचा आमचा. माझ्या लहानपणी हातपंप आले होते, त्यामुळे हा नियम कुणी बोलून दाखवत नसे. शाळा एकच होती. सुटीच्या दिवशी ओढ्याच्या वाळूत गावातल्या आणि वस्तीतल्या मुली एकत्र येत आणि आम्ही घर-घर खेळत असू. (भातुकली हा शब्द मला पुढे पुस्तकात भेटला. त्यातली ती पितळेची इवली भांडी आम्ही पाहिली नव्हती. आमच्याकडे करवंट्या आणि फुटके डबे.) चिखलाच्या भाकरी थापायच्या, पळसाच्या पानावर वाढायच्या, मचमच आवाज करून खोटेखोटे खायच्या. मी भाकरी चांगली थापायची. रोज मायजवळ चुलीपुढे बसून शिकले होते. पण माझ्या हातची भाकरी कुणी खात नसे. एकदा नव्हे, कधीच नाही. मला काम मिळे ते अंगण झाडण्याचे, लाकडे आणण्याचे, आणि शेवटी 'घरधनीण' वरून टाकील ती भाकरी ओच्यात झेलण्याचे. ती मी झेलत असे, आणि मचमच आवाज करून खातही असे.

ती भाकरी चिखलाची होती. खाणे खोटे होते. तरीही माझ्या हाताचा विटाळ तेवढा खरा होता.

त्या मुली दुष्ट नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यातल्या एकीने मला चौथीत आपली भूगोलाची वही दिली होती. कुणी त्यांना तसे शिकवले असेल असेही वाटत नाही. त्या फक्त 'गाव' खेळत होत्या, आणि गावाचे नियम त्यांना पाठ होते. माझ्या आजीने दारोदार फिरून भाकरी मागितली होती. माझ्या मायवर ती पाळी आली नाही, माझ्यावर तर नाहीच. म्हणजे व्यवहारातून जे गेले होते ते खेळात शाबूत होते. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो, कधी आतही येतो. ओढ्याच्या वाळूत पोरांच्या हातातल्या चिखलापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागतो, याचा हिशेब आपण ठेवलेला नाही.

अमेरिकेत तो हिशेब काही प्रमाणात ठेवला गेला. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नीने 1940 च्या सुमारास लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून, यातली चांगली कोणती, असे विचारले. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली उचलली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या 'ब्राउन' निकालात न्यायालयाने क्लार्क यांच्या या कामाचा दाखला घेतला. मुलांच्या खेळण्याला तिथे पुराव्याची किंमत आली.

कुणी विचारील की मराठवाड्यातल्या बाईला अमेरिकेतल्या काळ्या मुलाचे एवढे काय? हे नाते मी जोडलेले नाही. 1972 साली दलित पँथरने आपले नाव तिथूनच घेतले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. नीग्रो हा शब्द त्या काळचा. आज तो अपमानकारक मानला जातो. लातूर-नांदेडच्या वाटेवर हा विचार आपल्या आधी चालून गेला आहे. कार्टूनपर्यंत तो आला नाही इतकेच.

आपल्या आत्मकथनांत मूल आहे. ते भुकेले आहे, मार खाणारे आहे, शाळेच्या दाराशी बसलेले आहे. हे सर्व खरे आहे आणि ते लिहिले गेलेच पाहिजे होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'च्या (1984) आरंभीच शाळेची सहल येते. सवर्ण मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली, आणि मग उरलेसुरले अन्न. सहल म्हणजे मोकळ्या रानात आनंदाने जाणे. तिथेही सावली वाटून दिलेली आहे. मी हे वर्गात शिकवते तेव्हा मुले भुकेवर बोलतात. झाडाबद्दल कुणी बोलत नाही. मीही त्या कार्टूनपूर्वी बोलत नव्हते.

येथे क्रेगच्या ओढ्याविषयी भाबडेपणा नको. तिथेही सत्ता आहे. ओढ्याच्या पलीकडच्या भागात एक मुलगा राजा होऊन बसतो, इतर मुले त्याच्या हुकमात वागतात, आणि इकडच्या मुलांना एकत्र येऊन त्याच्याशी झुंजावे लागते. फरक एवढाच की, निन्जा कोण आणि घोडा कोण हे त्या ओढ्यावर जन्माने ठरत नाही. शिवाय खरी अमेरिका या चित्रासारखी नाही. 2014 साली क्लीव्हलँड शहरात तामिर राईस हा बारा वर्षांचा काळा मुलगा एका बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसाने त्याला गोळी घातली. चार वर्षांनी एक काळा मुलगा पडद्यावर काठी आणि नकाशा घेऊन रान हिंडू लागतो, तेव्हा तो निव्वळ रंजनाचा मामला राहत नाही.

आपल्याकडे घराघरात चालते ते 'छोटा भीम'. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही मालिका 2008 पासून पोगोवर आली. माझ्या मुलीने पहिल्यांदा नाव ऐकले तेव्हा, हा आपलाच भीम का, असे विचारले होते. आमच्या घरात त्या नावाचा दुसरा अर्थ नाही. ढोलकपुरात राजा आहे, लाडू करणारी टुनटुन मावशी आहे, भीमाशी हेवा करणारा कालिया आहे, मुले दिवसभर बाहेर असतात. मुलीला ते आवडते, आणि मी बंद करत नाही. पण त्या गावाला गावकूस नाही. वस्ती दिसत नाही, कारण ती काढलेलीच नाही. कुणी म्हणेल, मग चांगलेच की, जात नाही! मला ते पटत नाही. क्रेगचे घर काळ्या माणसांचे आहे हे कुणी लपवलेले नाही, आणि त्या घरात रोज रडारडही नाही. आईवडील, मोठा भाऊ, धाकटी बहीण, संध्याकाळचे जेवण. काळे असणे आणि ओढ्यावर खेळायला जाणे या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत. आपल्या लिखाणात हे मूल मला क्वचित भेटते. आपण खेळलो हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो काय? खेळलो म्हटले तर दुःख खोटे ठरेल अशी भीती वाटते काय?

जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा मी बी.ए.च्या विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी एक काम दिले. लहानपणी तुम्ही कुठे खेळलात, त्या जागेचा नकाशा काढा, आणि खेळात कोण काय होत असे ते लिहा. प्रथम ती हसली. मग एका मुलाने लिहिले की चोर-पोलिसात तो कायम चोर असे. ती पाळी असते असे तो समजत होता, पाळी बदलत नव्हती हे लिहिताना त्याच्या ध्यानात आले. गावातल्या एका पाटलाच्या मुलीने नकाशात देऊळ, पार, विहीर, शाळा सगळे नीट काढले होते आणि खालचा कोपरा कोरा ठेवला होता. तिथे काय आहे, असे विचारल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तिकडं मी कधी गेलेच नाही."

वाचकांतल्या शिक्षकांनी हे काम आपापल्या वर्गात देऊन पाहावे. नकाशे फेकू नयेत, जपून ठेवावेत.