पोरांच्या टीममध्ये सीनियर खेळाडू कशाला? विदर्भाचं गणित

'इयरफोन नाही, वाचून काढतो' म्हणणाऱ्यांसाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर.

आपल्या आंधळगाव-मोहाडी पट्ट्यात कबड्डी असो की टेनिस बॉल क्रिकेट, स्पर्धा लागली की एक वाद ठरलेला. बाहेरून तगडा, अनुभवी खेळाडू आणायचा की गावच्याच पोरांना खेळवायचं? दोन्हीकडचे भाऊ तावातावाने बोलतात. आज जरा थंड डोक्याने बघू.

सुरुवात थोडी लांबून, ऑस्ट्रेलियातून. तिथे अंडाकृती चेंडूने खेळतात तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. त्यांच्या एएफएल लीगमध्ये क्लब साधारण १८ वर्षांची पोरं ड्राफ्टमधून निवडतात. पण काही खेळाडू उशिरा पिकतात. मार्लियन पिकेटला रिचमंड क्लबने २०१९ च्या हंगामाच्या मध्यात घेतलं. त्याचा पहिला एएफएल सामना कोणता होता? थेट त्याच वर्षीची फायनल! वय २७. आणि रिचमंड जिंकलं.

आता उलटं उदाहरण. ग्रेटर वेस्टर्न सिडनी हा नवा क्लब २०१२ मध्ये लीगमध्ये उतरला. जवळपास सगळी पोरंच, म्हणून तिशी ओलांडलेले चार जण सोबत घेतले. त्या वर्षी सामने किती जिंकले? फक्त २. म्हणजे सीनियर आणला की लगेच कप येतो, असं काही नाही. मग तो नेमकं करतो काय?

याचं उत्तर आपल्या घरातच आहे. विदर्भाची रणजी टीम १९५७-५८ पासून खेळतेय, पण २०१७-१८ पर्यंत एकदाही फायनल गाठली नव्हती. बीसीसीआयच्या नियमानुसार राज्याच्या टीमला तीनपर्यंत बाहेरचे खेळाडू घेता येतात. त्यासाठी त्या खेळाडूला आपल्या मूळ संघटनेकडून ना-हरकत पत्र आणावं लागतं. विदर्भाने कर्नाटकातून गणेश सतीश आणला आणि मुंबईतून वसीम जाफर. त्या हंगामात जाफर ३९ वर्षांचा होता आणि मुंबईकडून आठ रणजी फायनल जिंकून आलेला. कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन आपला फैज फजल.

इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला ९ विकेटने हरवलं. जाफरने ७८ काढल्या. पण शतक कोणाचं? २३ वर्षांच्या अक्षय वाडकरचं, १३३. हॅटट्रिक कोणाची? रजनीश गुरबानीची, जो शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर आहे. (आम्हा इंजिनिअर लोकांची कॉलर टाइट!) म्हणजे मॅच काढली पोरांनी. जाफर पाया होता, कळस नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. चांगला सीनियर डेव्हलपर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. तो असतो म्हणून ज्युनियर न घाबरता कोड टाकतो. चुकलं तर सावरणारा कुणी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

२०२४-२५ ची नागपूरची फायनल बघा. केरळसमोर विदर्भ ३ बाद २४. क्रीजवर पहिलाच रणजी हंगाम खेळणारा २१ वर्षांचा दानिश मालेवार. त्याच्यासोबत कर्नाटकातून आलेला ३३ वर्षांचा करुण नायर. दोघांनी २१५ ची भागीदारी केली. नायर ८६ वर रनआउट झाला, पोरगा १५३ पर्यंत गेला. ३ बाद २४ असताना समोर कोण उभं आहे, याची किंमत स्कोअरबोर्डवर दिसत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच मॅचमध्ये आपला आदित्य सरवटे पाहुणा खेळाडू म्हणून केरळकडून खेळत होता!

पण याला किंमत मोजावी लागतेच. विदर्भात जिल्हे ११ आणि टीममध्ये जागाही ११. तीन बाहेरचे घेतले की उरतात ८. ती गेलेली जागा भंडाऱ्याच्या किंवा गोंदियाच्या एखाद्या पोराचीही असू शकते. म्हणून सीनियर घेताना चार प्रश्न विचारायलाच पाहिजेत.

एक, खरंच खड्डा आहे का? ज्या जागेवर आपलं पोरगं तयार आहे, तिथे बाहेरचा नको.

दोन, किती जण? एक-दोन असले तर आधार. पाच असले तर ती टीम आपली राहिलीच कुठे?

तीन, तो प्रॅक्टिसला येणार का? फक्त मॅचच्या दिवशी येऊन, खेळून, पैसे घेऊन जाणार असेल तर पोरांना शिकायला काय मिळणार?

चार, तो गेल्यावर काय? ही खरी परीक्षा. नायर २०२५ मध्ये कर्नाटकात परत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विदर्भाने त्याच्याशिवाय इराणी कप जिंकला. गुंतवणूक वसूल झाली, असं याला म्हणायचं.

आता गावाकडे या. एका स्पर्धेपुरता बाहेरचा रेडर आणला, बक्षीस जिंकलं, त्यातलं बरंचसं त्यालाच दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच शोधायचा! आपली पोरं बाकावर बसून टाळ्या वाजवणार. त्यापेक्षा गावातलाच पस्तिशीचा जुना खेळाडू महिनाभर रोज संध्याकाळी मैदानावर आणा. दम कमी असेल त्याचा, पण शेवटच्या दोन मिनिटांत लीड कशी राखायची, कोणाला कधी पकडायचं, हे त्याला माहीत असतं. आणि पोरांना तेच सगळ्यात कमी माहीत असतं.

तुमच्या टीममध्ये असा कोणी सीनियर आहे का? हे चार प्रश्न टीमच्या ग्रुपवर टाका, आणि भांडण झालंच तर कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!