घरच्या संगणकावरचा छायाचित्र-शोध

इमिच हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावरील छायाचित्रांची अनुक्रमणिका बनवते आणि त्यांत शोध घेऊ देते. ते डॉकर या साधनाच्या कंटेनरांत चालते. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी यांचा एकत्र बांधलेला संच. त्यामुळे मूळ संगणकाची मांडणी विस्कटत नाही. मुख्य सर्व्हर, मशीन लर्निंग, पोस्टग्रेस डेटाबेस आणि कामांची रांग सांभाळणारी सेवा असे चार कंटेनर येथे लागतात.

खरी करामत मशीन लर्निंगची. ओपनएआयने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ‘क्लिप’ धर्तीचे मॉडेल प्रत्येक चित्राची शेकडो आकड्यांची मालिका करते. ‘पावसातली लाल छत्री’ असे टाइप केले की त्या शब्दांचीही तशीच मालिका बनते आणि तिच्या सर्वांत जवळची चित्रे समोर येतात. फाइलचे नाव काहीही असो! मूळ मॉडेल मात्र इंग्रजीवर घडलेले आहे. मराठीतून शोधायचे तर बहुभाषिक मॉडेल निवडून अनुक्रमणिका नव्याने करावी लागते, कारण दोन मॉडेलांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

उभारणी सोपी आहे. हे कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी कंपोज फाइल उतरवून घ्यायची, सोबतच्या फाइलीत फोटोंची जागा आणि डेटाबेसचा पासवर्ड लिहायचा, मग ‘डॉकर कंपोज अप’ ही आज्ञा द्यायची. ब्राउझरमध्ये २२८३ क्रमांकाच्या पोर्टवर सेवा उघडते. ग्राफिक्स कार्ड नसल्यास पहिली अनुक्रमणिका वेळ घेते. बॅकअप फोटो आणि डेटाबेस दोन्हींचा ठेवावा, आणि तो दुसऱ्या डिस्कवर असावा.