ऑफिस सुटल्यावरचं दादर

मुंबईच्या प्रायोगिक नाटकाचा इतिहास सांगताना लेखक-दिग्दर्शकांची नावं सगळेच घेतात, रेल्वेच्या वेळापत्रकाचं नाव कुणी घेत नाही. 1974 पासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे घडलं, त्यात पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या लोकल एकाच ठिकाणी थांबतात या साध्या गोष्टीचा मोठा वाटा होता. करणारे आणि बघणारे, दोघेही नोकरदार. बँका, आयुर्विमा, सरकारी कचेऱ्या, कॉलेजं. सहाच्या सुमारास टेबल आवरायचं, फोर्टातून चर्चगेट नाहीतर व्हीटी गाठायचं आणि दादरला उतरायचं. डोंबिवलीचा माणूस आणि बोरिवलीचा माणूस वाट वाकडी न करता एका नाटकाला येऊ शकत होते, कारण दोघांनाही घरी जाताना दादरवरूनच जायचं होतं.

आधीची हकीकत थोडक्यात. 1960 मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये तिथेच उभं राहिलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, त्यातली बेणारेबाई सुलभा देशपांड्यांची. पुढे मतभेद झाले आणि 1971 मध्ये अरविंद-सुलभा आणि अरुण काकडे यांनी मित्रांसह ‘आविष्कार’ काढली. संस्था झाली, नाटकं होती, माणसं होती. प्रश्न जागेचा होता. शिवाजी मंदिर 1965 पासून दादरातच होतं, पण तिथलं भाडं भरून शे-दीडशे प्रेक्षकांसाठी नाटक करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. छबिलदासचं सभागृह परवडलं. नाटक पडलं तरी संस्था बुडायची नाही. पडण्याची मुभा असली की माणूस कसली कसली नाटकं करतो, हे आम्ही तिथे पाहिलं.

सभागृह शाळेचं होतं तसंच होतं. वातानुकूलन वगैरे काही नाही, उन्हाळ्यात घामाघूम व्हायचं, बाहेरच्या रहदारीचा आवाज ऐन संवादात आत यायचा. एका हळव्या प्रसंगी रस्त्यावरचा भाजीवाला ओरडला आणि सगळे हसले, नटसुद्धा. पण त्या उणिवांनीच एक सोय केली: पडदा, विंगा, रंगमंचाची चौकट यांचा धाक उरला नाही. बादल सरकारांचं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी केलं ते प्रेक्षकांच्या मधोमध. नट पायाला घासून जात, त्यांचा श्वास ऐकू येई. लाकडी लेव्हल्स इकडच्या तिकडे सरकवल्या की नवं नेपथ्य तयार. सत्यदेव दुब्यांसारखा हिंदीत काम करणारा माणूसही तिथे सहज वावरायचा. तोवर नाटक म्हणजे तीन अंक, दिवाणखान्याचा सेट आणि मध्यंतरात बटाटेवडा, एवढंच ठाऊक असलेल्या माझ्यासारख्याची तिथे शाळाच झाली.

बटाटेवडा मात्र सुटला नाही. श्रीकृष्णचा वडा त्याच गल्लीत. प्रयोगाआधी कागदातला वडा संपवत उभं राहायचं आणि शेजारचा अनोळखी माणूस मागच्या नाटकाबद्दल काय बोलतो ते ऐकायचं. वृत्तपत्रांतल्या समीक्षा नंतर यायच्या. नाटक चाललं की नाही हे त्या गल्लीत आधीच ठरलेलं असायचं. प्रयोगानंतरचे वाद फलाटावर रंगायचे. हव्या त्या गाड्या सोडल्या जायच्या, शेवटी शेवटची लोकल जाऊ नये म्हणून वाद थांबायचा.

एक गोष्ट मात्र आज मागे पाहताना खटकते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. परळ-लालबाग छबिलदासपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे दामोदर हॉल होता, कामगारांची स्वतःची रंगभूमी होती, भजनी मंडळं होती. पण ते जग आमच्या सभागृहात फारसं आलेलं मला आठवत नाही. आम्ही माणसाच्या एकटेपणावर, लग्नसंस्थेवर, भाषेच्या निरर्थकतेवर रात्री जागवत होतो आणि पलीकडे चुली थंडावत होत्या. संपानंतरच्या गिरणगावाचं ठसठशीत नाटक, जयंत पवारांचं ‘अधांतर’, यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. प्रायोगिक रंगभूमीचं कौतुक करताना हे तिच्या खात्यावर लिहायलाच हवं.

मुलांच्या बाबतीत मात्र तिचे हात मोकळे होते. सुलभाताईंच्या ‘चंद्रशाला’ने, म्हणजे ‘आविष्कार’च्या बालनाट्य विभागाने, केलेलं ‘दुर्गा झाली गौरी’ बघायला आमच्या चाळीतली पोरं पालकांना ओढत नेत. मोठ्यांच्या नाटकांना नाकं मुरडणाऱ्या घरांतून ‘आविष्कार’चं नाव पोहोचलं ते या मुलांमुळे.

1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. काही वर्षांनी छबिलदासही सुटलं आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. काकडेकाका 2019 मध्ये जाईपर्यंत संस्थेच्या कामाला जुंपलेले होते. शहर मात्र तेवढ्यात बदललं. 1991 च्या विकास नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर यायला लागले, दादर-गिरगावातला मराठी मध्यमवर्ग कल्याण-विरारकडे सरकला, ऑफिसं फोर्टातून कुर्ला-अंधेरीकडे गेली. सहाला सुटण्याची रीतही संपली. जुहूचं पृथ्वी 1978 पासून उत्तम चाललंय आणि वर्सोव्याच्या आराम नगरमधल्या छोट्या खोल्यांतून तरुण मुलं जोमानं प्रयोग करतायत. पण रात्री तिथून कल्याणला परतायचं म्हणजे नाटकाहून प्रवास मोठा.

नवं लिहिणारे-करणारे कमी झालेत असं मला अजिबात वाटत नाही. कमी झाली आहे ती स्टेशनाजवळची स्वस्त जागा. दादर, ठाणे, कुर्ला, बोरिवली इथल्या कितीतरी शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलपात असतात. त्यांच्या विश्वस्तांनी आणि महापालिकेने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती नाटकवाल्यांना परवडेल अशा भाड्यात द्यावीत. दिवे, लेव्हल्स आणि प्रेक्षक ते स्वतः आणतील.